मार्क ३ अँबेसिडर बरीच वर्षं उभी आहे, चालू करायच्या आधीच सगळे सील बदलायचे का?

मानेवाडा_मार्क३

नमस्कार मंडळी. मामांची १९७७ ची अँबेसिडर मार्क ३, पेट्रोल, १४८९ सीसी, काटोलहून नागपुरात आणली. २०१० पासून ती बगिच्यातल्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. चाकं फिरत होती पण ब्रेकचा काही भरोसा नव्हता, म्हणून ट्रकवर चढवून आणली. आता मानेवाड्याला आमच्या अंगणात आहे. शेजाऱ्यांची रोज एक चक्कर होते. "चालू झाली का जी?" हा प्रश्न मी आता स्वप्नात पण ऐकून राहिलो.

सध्याची परिस्थिती अशी. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल अन् इंजिन ऑइल अर्धं-अर्धं मिसळून टाकलं, चांगलं मुरू दिलं, मग समोरून हँडल लावून हळूहळू फिरवलं. इंजिन जाम नाही. एका ठिकाणी जरा अडल्यासारखं वाटत होतं, आता तेही गेलं. जुनं ऑइल काढलं तर काळं अन् घट्ट, पण त्यात पाणी नव्हतं. सेल्फ अजून मारला नाही.

आता मुद्दा. मामा म्हणतात की गाडी चालती होती तेव्हापासूनच इंजिन अन् गिअरबॉक्सच्या सांध्याखाली ऑइलचे थेंब पडायचे. टॅपेट कव्हरच्या कडेनं पण ओलं आहे, समोर पुलीच्या मागे मातीचा जाड थर चिकटला आहे, म्हणजे तिथूनही गळत असणार. ओळखीच्या एका मिस्त्रीला दाखवली. त्यानं इंजिनकडे नीट पाहिलंही नाही, सरळ म्हणाला, "एवढी वर्षं उभ्या गाडीचे सगळे सील वाळले असतात. इंजिन खाली घ्या, मागचा क्रँक सील, पुढचा सील, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), हेड, सगळ्या पॅकिंग बदला, तोपर्यंत चावी लावू नका." खर्च अडतीस हजार, अन् आत काही निघालं तर वेगळा.

दुसरा म्हणतो आधी चालू करा, मग पाहू. मी ऑनलाइन सील किट शोधलं तर एका परदेशी दुकानात बी-सिरीज इंजिनाच्या किटमध्ये मागचा सील दिसतो, दुसऱ्याच्या किटमध्ये दिसत नाही. माझ्या गाडीला नेमका कोणता लागतो हेच कळून नाही राहिलं.

तर प्रश्न तीन. एक, इंजिन उतरवूनच सुरुवात करायची का? दोन, मागच्या सीलचा साइज कोणाकडे आहे का? तीन, आपल्या इकडच्या उन्हाळ्यात कॉर्कची पॅकिंग टिकत नाही असं ऐकलं, तर सगळीकडे सिलिकॉन लावलं तर चालेल का?

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालून निदान गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची आहे, एवढीच इच्छा आहे. मामा अजून आहेत, त्यांना बसवायचं आहे.

डेक्कन_ड्राइव्ह

इंजिन उतरवा अन् मोकळे व्हा. अर्धवट केलं की दर दोन महिन्यांनी काहीतरी उघडत बसावं लागतं, मजुरी दुप्पट जाते. माझ्या पद्मिनीचं इंजिन मी सरळ बांधून घेतलं. खर्च झाला पण डोकेदुखी गेली. अडतीस हजार आजच्या काळात महाग नाहीत.

पाना_हातोडी

मानेवाडावाले भाऊ, घाई करू नका. पैसे खिशातच ठेवा.

मी एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपातून रिटायर झालो. नोकरी डिझेलच्या इंजिनांवर गेली, पण अँबेसिडर घरची होती अन् आजूबाजूच्या डॉक्टर-वकिलांच्या गाड्या रविवारी माझ्याच दारात यायच्या. त्यामुळे हे इंजिन हातातलं आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या इंजिनाला मागे रबरी सील नाहीच. साइज कुठून मिळणार? हे मूळचं ब्रिटिश बीएमसी कंपनीचं बी-सिरीज इंजिन, तिकडच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये असायचं तेच. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा मुख्य दांडा, त्याला तीन मेन बेअरिंग. क्रँकच्या मागच्या टोकाला उलटे आटे पाडलेले असतात. क्रँक फिरला की ते आटे ऑइलला ओढून परत चेंबरमध्ये लोटतात. आटे आणि त्याच्या घरामध्ये बारीक फट असते, कशाला काही घासत नाही, म्हणून झिजायलाही काही नाही. तुम्ही परदेशी किटमध्ये पाहिलेला सील पाच बेअरिंगच्या क्रँकचा आहे. एमजीबी गाडीला १९६४ च्या शेवटी पाच बेअरिंगचा क्रँक आला, त्यासोबत मागचा रबरी सील आला. आपल्याकडे तीन बेअरिंगचंच चालत राहिलं. जो मिस्त्री "मागचा क्रँक सील बदलतो" म्हणून मजुरी सांगून राहिला, त्याला आधी विचारा की तो बसवणार कुठे.

आता ही व्यवस्था गळते कधी? क्रँक थांबला की आटे ऑइल ओढत नाहीत, म्हणून इंजिन बंद केल्यावर दोन-चार थेंब पडणारच. तो रोग नाही, त्या इंजिनाचा स्वभाव आहे. पण धार लागत असेल, तर कारणं मोजकीच. ऑइल जास्त भरलेलं. मेन बेअरिंग झिजून क्रँक खाली बसलेला, त्यामुळे फट एका बाजूला वाढलेली. किंवा इंजिनाच्या आत हवेचा दाब वाढलेला. यातलं तिसरं सगळ्यात जास्त वेळा निघतं अन् सगळ्यात स्वस्तात सुटतं.

दाब वाढतो दोन कारणांनी. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या की जळालेला गॅस खाली उतरतो. आणि ब्रीदर बुजला की त्या गॅसला बाहेर जायला वाट राहत नाही, मग तो ऑइलला सोबत घेऊन जिथून फट मिळेल तिथून निघतो: मागच्या आट्यातून, टॅपेट कव्हरमधून, पुढच्या सीलमधून. म्हणजे तीन ठिकाणी गळती दिसते, तुम्ही तीन सील बदलता अन् कारण चौथीकडेच बसलेलं असतं. या इंजिनाला ब्रीदर दोन आहेत. वरच्या टॅपेट कव्हरवरून एअर क्लिनरकडे जाणारा पाइप, आणि बाजूच्या दोन झाकणांपैकी पुढच्या झाकणाला लागलेली खाली जाणारी नळी. दोन्ही काढून फुंकून पाहा. बगिच्यात उभी गाडी आहे म्हणता, त्या नळीत काय काय निघेल सांगता येत नाही.

आता चावी लावायच्या आधी काय करायचं. सगळे सील नाही, पण एवढं मी केल्याशिवाय सेल्फ मारणार नाही.

बाजूची दोन्ही झाकणं काढा. मॅनिफोल्डच्या खाली आहेत, मागच्याला हात पोचवायला मॅनिफोल्ड काढावंच लागेल, आळस करू नका. प्रत्येक झाकण मधल्या एकाच बोल्टवर असतं. ते काढलं की आत टॅपेट अन् पुशरॉड (कॅमशाफ्टच्या धक्क्याने व्हॉल्व्ह उघडणारे भाग) दिसतात. टॉर्च मारून टॅपेट आणि कॅमशाफ्टवर गंज आहे का पाहा. एवढी वर्षं उभ्या इंजिनात जिथे स्प्रिंग दाबून धरते तिथेच गंज बसतो. गंजाचे खड्डे दिसले तर इथेच थांबा, मग इंजिन उतरवायचा विषय काढू. साफ असेल तर तिथूनच ऑइलच्या कॅनने कॅम अन् टॅपेट भिजवून घ्या.

ऑइल फिल्टर बदलताना लक्ष द्या. तुमचा जुना पद्धतीचा असेल, लोखंडी वाटीत कागदी फिल्टर. वाटी जिथे बसते त्या खाचेत रबरी रिंग असते. ती जुनी रिंग वाळून खाचेत दगडागत चिकटून बसते, दिसतही नाही, अन् लोक तिच्यावरच नवी लावतात. मग पहिल्याच रेसला सगळं ऑइल अंगणात. टाचणीने, दाभणाने, कशानेही उकरा, पण जुनी रिंग बाहेर आलीच पाहिजे.

मग नवीन ऑइल भरा. २०डब्ल्यू-५०, साधं, स्वस्तातलं चालेल, कारण हे थोडं चालवून काढूनच टाकायचं आहे. प्लग काढलेलेच ठेवा, टॅपेट कव्हरही उघडं ठेवा, अन् सेल्फ थोडा थोडा मारा, मध्ये मध्ये थांबून. कॉम्प्रेशन नसल्यामुळे बेअरिंगवर जोर येत नाही अन् पंप ऑइल वर चढवतो. ऑइलचा दिवा विझला, रॉकरवर ऑइल झिरपताना डोळ्यांनी दिसलं, की मगच प्लग लावायचे.

पाण्याचं विसरू नका. ब्लॉकच्या बाजूला गोल पत्र्याचे वेल्च प्लग असतात, ते आतून गंजून कागदासारखे पातळ झालेले असतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकून पाहा. आत जात असेल तर बदला, फार महाग नसतात. होज पाइप सरसकट नवीन. कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालाल तर मे महिन्यात व्हरायटी चौकात बॉनेट उघडून उभे राहाल.

हेडला हात लावू नका. कूलंटमध्ये ऑइल नाही, ऑइलमध्ये पाणी नाही, तर हेडची पॅकिंग तुम्हाला काही त्रास देऊन राहिली नाही. तिला छेडलं की स्टड तुटायची, आटे जायची कामं सुरू.

चालू झाली की इंजिन गरम होऊ द्या, थंड करा, रॉकेलने वरपासून खालपर्यंत धुवा, वाळवा, अन् सांध्यांवर साधी टाल्कम पावडर मारा. परत चालवा. पावडर ओली होते ती जागा. ऑइल वारा लागून मागे जातं, म्हणून सगळ्यात वरची अन् सगळ्यात पुढची ओली जागा खरी, बाकीच्या जागा तिचेच ओघळ. खाली पुठ्ठा टाका, चारही चाकांच्या खुणा करा, म्हणजे रोज गाडी त्याच जागी उभी राहील अन् थेंब कोणत्या सांध्याखाली आहे ते कळेल. हे केल्यावर जो सील गळतो तो बदला.

सिलिकॉनबद्दल. नाही. सिलिकॉन वाईट नाही, लावणारे हात वाईट. लोक टूथपेस्टसारखं पिळतात, बाहेर निघालेलं पुसतात अन् तेवढंच आतही निघालं आहे हे विसरतात. आतली शेपटी तुटून ऑइलमध्ये पडते अन् पंपाच्या जाळीला जाऊन बसते. जाळी बुजली की बेअरिंगला ऑइल नाही. मग खरंच इंजिन बांधावं लागतं.

कॉर्क उन्हाने वाळतो हे खरं, पण तो गळतो त्याचं कारण बहुतेक वेळा पाना असतो. थोडं ओलं दिसलं की माणूस बोल्ट आणखी आवळतो. कॉर्क चेपतो, पत्र्याचं झाकण बोल्टपाशी आत दबतं अन् कडा वर उचलतात. पुढच्या वेळी आणखी आवळतो. तुमची झाकणं काढली की काचेवर उलटी ठेवून पाहा, डुलतील. लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करा. इतवारीत लोहाओळीत रबर-कॉर्कची शीट मिळते, तीन मिलीमीटर घ्या. झाकण शीटवर ठेवून पेन्सिल फिरवा, आतली कड ब्लेडनं कापा. कॉर्क झाकणाला शेलॅकने चिकटवा, ब्लॉककडच्या बाजूला फक्त ग्रीसचं बोट फिरवा. पुढच्या वेळी उघडताना फाटणार नाही. आणि बोल्ट आवळताना कॉर्क किंचित फुगलेला दिसला की थांबायचं.

पाने इंची घ्या. या गाडीच्या अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना लागतो, बसल्यासारखा वाटतो, अन् जोर दिला की कोपरे खातो. कोणी मिस्त्री तेराचा पाना घेऊन जवळ आला तर त्याला चहा पाजा अन् परत पाठवा.

भंडारा_रोड

काकांचं बाकी सगळं पटलं, एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. चेंबर चालू करायच्या आधी उघडाच. गळतीसाठी नाही, गाळासाठी.

जुन्या साध्या ऑइलवर चाललेली गाडी, वरून एवढी वर्षं उभी. चेंबरच्या तळाशी काळं लोण्यासारखं बसलेलं असतं, ते ड्रेन बोल्टमधून कधीच निघत नाही. तुम्ही आता डिझेल मिसळून टाकलं आहे, ते रिंगांतून खाली उतरलंच असणार. म्हणजे तो गाळ आता सैल झाला. सेल्फ मारला की पहिला घास पंपाच्या जाळीला. माझ्या मार्क २ मध्ये जाळीवर हाताने खरवडावा लागेल इतका थर होता.

चेंबर उघडलंच आहे तर त्याच्या दोन टोकांना, पुढच्या अन् मागच्या मेन कॅपखाली कॉर्कच्या अर्धगोल पट्ट्या असतात, त्या बदला. त्या पट्ट्यांची टोकं जरा वर उभी राहू द्या, ब्लेडने सपाट कापू नका. चेंबर बसताना ती दबूनच फट भरतात. मागची पट्टी वाळली की तिथून निघालेलं ऑइल बेल हाऊसिंगवर (इंजिन अन् गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर) ओघळतं अन् सगळे मागच्या क्रँकला दोष देतात.

पाना_हातोडी

भंडारावाले भाऊ, बरोबर आहे. डिझेल टाकलं म्हणाले ते वाचूनही माझ्या लेखी चेंबरचं राहून गेलं. उघडा. मागच्या पट्टीचं तर शंभर टक्के.

एक जोडतो. बेल हाऊसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबत असते. ती हलवून पाहा. ती पिन भोक मोकळं राहावं म्हणूनच आहे. चिखलानं भोक बुजलं की थेंब बाहेर पडत नाहीत, माणूस खूश होतो की गळती बंद झाली, अन् ऑइल आत साचून क्लच प्लेट घसरायला लागते.

मानेवाडा_मार्क३

काका, भंडारावाले दादा, आधी साष्टांग नमस्कार. आता काय काय निघालं ते ऐका.

पुढच्या झाकणाची ब्रीदर नळी काढली. फुंकली तर गालच फुगले, हवा पुढे जाईना. आत वाकडी तार घातली तर माती पडायला लागली. मला वाटलं शेडमधली धूळ असेल. पण ती धूळ नव्हती, कुंभारणीचं घर होतं. बायको म्हणाली आमच्या खिडकीच्या कोपऱ्यात असतं तसंच आहे. एकामागे एक खोल्या, पक्क्या लिंपलेल्या, नळीच्या वाकापर्यंत. आत सुकलेले कोळी. बगिच्यात एवढी झाडं सोडून त्या माशीला मार्क ३ चा ब्रीदर सापडला. रॉकेलमध्ये बुडवून ठेवली तेव्हा कुठं सगळं सैल होऊन निघालं. वरच्या कव्हरचा पाइप मात्र मोकळा होता.

बाजूची झाकणं खरंच काचेवर डुलत होती. मागचं जास्त, त्याच्या बोल्टभोवती पत्रा वाटीसारखा आत गेला होता. कॅम अन् टॅपेट साफ आहेत, एका टॅपेटवर नुसता तपकिरी डाग होता, बोटाने पुसला गेला. लोहाओळीतून रबर-कॉर्क आणला. पॅकिंग स्वतः कापली, पहिली जरा वाकडी झाली पण दुसरी चांगली जमली.

चेंबर उघडलं. दादा, जाळी अर्धी बंद होती. तळाशी बोटाच्या पेराइतका गाळ. मागची कॉर्क पट्टी हातात घेतली तर तिचे तुकडे झाले. अन् त्यात जुन्या कोण्या मिस्त्रीनं लावलेलं निळं सिलिकॉन शेवयांसारखं जाळीत अडकलं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जाळीतच मिळालं.

फिल्टरच्या खाचेत रिंगा दोन होत्या. खालची दाभणाने उकरली.

मग प्लग काढून सेल्फ मारत ऑइल चढवलं. दिवा लवकर विझेना, पोटात गोळा आला होता, पण मग विझला, अन् रॉकरवर ऑइल आलं. प्लग लावले. पेट्रोल बाटलीतून थेट कार्बोरेटरला दिलं, कारण टाकी अजून साफ व्हायची आहे. तिसऱ्या दमात चालू झाली. सायलेन्सरमधून आधी पांढरा-निळा धूर इतका निघाला की शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या. मग धूर हळूहळू कमी झाला. मामांना व्हिडिओ कॉल लावला होता. दिसत नाही त्यांना नीट, पण आवाज ऐकून म्हणाले, "टॅपेट जरा वाजून राहिले, पण तीच आहे."

आता गळतीचं. टाल्कम पावडरचा प्रयोग केला. बाजूची दोन्ही झाकणं कोरडी. वरचं टॅपेट कव्हर कोरडं. बेल हाऊसिंगखाली पुठ्ठ्यावर बंद केल्यावर दोन-तीन थेंब, बास. पिन हलते आहे. पण पुढे पुलीच्या मागे पावडर ओली होते, चालू असताना थेंब पुलीवरून उडतात अन् रेडिएटरच्या मागच्या बाजूला बारीक शिंतोडे दिसतात. पुढचा सील तर आहेच ना या इंजिनाला? तो बदलायचा तर काय काळजी घ्यायची?

आणि अजून एक. पेट्रोलचे रबरी पाइप नवीन घ्यायचे आहेत. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. साधा पाइप चालेल का?

पाना_हातोडी

कुंभारणीचं वाचून हसू आलं. घरात मुलांना पण वाचून दाखवलं.

हो, पुढचा सील आहे, टायमिंग कव्हरमध्ये. रेडिएटर काढावा लागेल. हँडल ज्यात अडकतं तो मोठा नट सोडायचा, त्यामागे वाकवलेला लॉक वॉशर असतो, तो आधी सरळ करा. तो वॉशर परत वापरू नका. पुली निघाली की तिचा जो गोल गळा सीलमध्ये फिरतो त्यावरून नख फिरवा. जुन्या सीलनं तिथे खाच पाडलेली असते. नख अडकलं तर नवीन सील लावूनही गळणारच, कारण नवा ओठ त्याच खाचेत बसतो. सील घरात जरा पुढे किंवा मागे बसवा, म्हणजे ओठ गळ्याच्या न घासलेल्या भागावर येईल. खाच फार खोल असेल तर लेथवाल्याकडून पातळ बाही चढवून घ्या.

कव्हरच्या आत क्रँकवर एक पत्र्याची चकती असते, ऑइल थ्रोअर. ती काढायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढा. उलटी बसली तर ऑइल सीलपासून लांब फेकायच्या ऐवजी सीलवरच आणून टाकते.

सगळ्यात महत्त्वाचं, कव्हरचे बोल्ट आधी आवळायचे नाहीत. सगळे बोल्ट हाताने लावून ढिले ठेवायचे, पुलीच्या गळ्याला ऑइल लावून ती सीलमध्ये घालायची, कव्हर आपोआप मधोमध येतं, मग बोल्ट थोडे थोडे समोरासमोर आवळायचे. कव्हर केसभर एका बाजूला राहिलं की सील एका बाजूनं दाबला जातो अन् दुसऱ्या बाजूनं गळतो. बाहेरचे मिस्त्री नेमकं इथंच चुकतात, अन् मग सीलच्या कंपनीला शिव्या देतात.

मामांना सांगा, टॅपेट वाजत असतील तर वाजू द्या सध्या. हे ऑइल थोडं चालवून काढा, नवीन भरा, मग टॅपेट सेट करा.

भंडारा_रोड

पाइपबद्दल मी सांगतो, मी नुकताच यातून गेलो. काळा साधा रबरी पाइप इथेनॉलने आतून सोलतो, काळी भुकटी कार्बोरेटरच्या जेटमध्ये येते. आजकालच्या इंजेक्शन गाड्यांचा पेट्रोल पाइप मागा, दुकानात फ्युएल इंजेक्शन होज म्हणूनच मिळतो, जरा महाग आहे पण इथेनॉल झेलतो. व्यास नीट मोजून न्या. क्लॅम्प चांगले घ्या, जुने दात असलेले पाइप कापतात.

पेट्रोल पंप इंजिनावर बसवलेला असेल तर त्याचा पडदा पण बदला. तो फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं किंवा त्याला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका. पातळ झालेल्या ऑइलनं बेअरिंग जातात, अन् लेव्हल वाढली की मागचे थेंब पण वाढतात. पाना_हातोडी काकांनी ऑइल जास्त भरलेलं म्हणून जे लिहिलं, त्याचं हे एक लपलेलं कारण आहे.

टाकी बाहेर काढूनच साफ करा. आत गंज असेल तर दोन मुठी गिट्टी अन् रॉकेल टाकून खळखळवा, मग लगेच वाळवा. टाकी फिल्टरच्या भरवशावर सोडू नका.

डेक्कन_ड्राइव्ह

मागच्या सीलचं मला खरंच माहीत नव्हतं. पद्मिनीला काय आहे ते आता पाहतो. त्या अडतीस हजारांत ब्रेकचं काम होऊन जाईल तुमचं, मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर. ते मात्र पुढे ढकलू नका, गल्लीच्या टोकापर्यंत का असेना.

मानेवाडा_मार्क३

ब्रेकचं सामान आजच मागवलं. पुली काढली, गळ्यावर नख अडकतं आहे, पण थोडंच. सील दोन-अडीच मिलीमीटर आत बसवून पाहतो. थ्रोअरचा फोटो काढून ठेवला आहे. लेथवाल्याकडे जायची वेळ आली तर इथे कळवतो.